डार्क फोटॉन : प्रकीर्णन प्रयोगांतील शोध

डार्क फोटॉन : कृष्णद्रव्याच्या जगाला आपल्या जगाशी जोडू शकेल असा एक गृहीत कण. विश्वात कृष्णद्रव्य साध्या द्रव्याच्या सुमारे पाचपट आहे, पण त्याची चाहूल आजवर फक्त गुरुत्वाकर्षणातून लागली आहे. त्याचे स्वतःचे कण आणि बले असतील, तर त्या सगळ्या कुटुंबाला ‘डार्क सेक्टर’ म्हणतात. त्यातला फोटॉनसारखा कण नेहमीच्या फोटॉनमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या कणात, किंचित मिसळू शकतो, असे भौतिकशास्त्रज्ञ बॉब होल्डम यांनी 1986 मध्ये दाखवले. मिश्रणाचे प्रमाण ‘एप्सिलॉन’ने दर्शवतात. तेही अज्ञात आणि कणाचे वस्तुमानही अज्ञात. त्यामुळे शोध म्हणजे या दोन राशींच्या आलेखावरचा एकेक भाग खोडत जाणे.

सरळ मार्ग उंचवटा शोधण्याचा. टकरीतून निघालेल्या इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) जोड्यांचे एकत्रित वस्तुमान मोजायचे आणि सपाट आलेखावर कुठे टेंगूळ दिसते का ते पाहायचे. कॅलिफोर्नियातील स्लॅक प्रयोगशाळेच्या बाबर प्रयोगाने 2014 मध्ये 10.2 जीईव्हीपर्यंत (जीईव्ही हे कणांच्या वस्तुमानाचे व ऊर्जेचे एकक) असा शोध घेतला; काही सापडले नाही. जे/साय कणाचे 3.1 जीईव्हीजवळचे शिखर इतके उंच असते की, त्याच्या लगतचा पट्टा वगळावाच लागतो. शिवाय डार्क फोटॉन अदृश्य कणांत विघटित होत असेल, तर या जोड्या मुळात निघतच नाहीत.

जुन्या नोंदीही इथे कामी येतात. त्याच संस्थेतील ई137 प्रयोगात इलेक्ट्रॉनांचा झोत लक्ष्यात जिरवला जाई. पलीकडे सुमारे 180 मीटर टेकडी, मग सुमारे 200 मीटर मोकळी जागा आणि शेवटी संवेदक. बाकीचे कण टेकडीत अडकत; तिच्या पार जाऊन विघटित होणारा कणच संवेदकाला दिसला असता. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेले ते निष्कर्ष 2009 मध्ये डार्क फोटॉनसाठी पुन्हा तपासण्यात आले.

खरी गुंतागुंत खोल अप्रत्यास्थ प्रकीर्णनात आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर इतक्या जोराने आदळवून आतल्या क्वार्कांचा (प्रोटॉनच्या घटक कणांचा) ठाव घेण्यात. हॅम्बुर्गच्या हेरा यंत्रात (1992–2007) 27.5 जीईव्हीचे इलेक्ट्रॉन किंवा पॉझिट्रॉन 920 जीईव्हीपर्यंतच्या प्रोटॉनांवर आदळत. इथे डार्क फोटॉन प्रत्यक्ष निर्माण व्हायलाच हवा असे नाही. आदळणाऱ्या दोन कणांमधील देवाणघेवाणीत त्याचा सहभाग पुरतो, मग तो पुढे कशातही विघटित होवो. अडचण अशी की, प्रोटॉनमधील क्वार्कांची वाटणीही (प्रोटॉनच्या संवेगाचा किती वाटा कोणत्या क्वार्ककडे) याच मोजमापांतून काढलेली असते. नव्या कणाची भर त्या वाटणीत गुपचूप मुरू शकते, म्हणून दोन्ही एकत्रच बसवाव्या लागतात. त्यांना वेगळे करणारा धागा ऊर्जेचा आहे : क्वार्कांची वाटणी संवेग-हस्तांतरणाच्या (टकरीत एका कणाकडून दुसऱ्याकडे गेलेल्या संवेगाच्या) वर्गाबरोबर संथपणे, लॉगरिदमच्या चालीने बदलते, डार्क फोटॉनचा वाटा मात्र तो वर्ग कणाच्या वस्तुमानाच्या वर्गाजवळ पोहोचला की ठळक होऊ लागतो.

अशा एकत्रित विश्लेषणातून 2023 मध्ये एका गटाने डार्क फोटॉन असलेले गृहीतक तो नसलेल्या गृहीतकापेक्षा 6.5 सिग्माने (सिग्मा जितके जास्त, तितकी योगायोगाची शक्यता कमी) सरस ठरवले. आकडा मोठा आहे, पण तो दोन जुळवण्यांतील तुलनेचा आहे. आलेखावर दिसलेल्या टेंगळाचा नव्हे. क्वार्क वाटणीची सूत्रे बदलून किंवा एखादा प्रयोग गाळूनही ही सरशी टिकते का, यावर तिचे वजन ठरेल.