फॉरमॅट मारलेल्या डिस्कवर काय उरतं?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही दूध संस्थेच्या संगणकात अख्ख्या गावाचा हिशेब असतो. कुणाच्या म्हशीला फॅट किती लागली, दहा दिवसांचं बिल कुठल्या खात्यावर गेलं, कुणी किती उचल घेतली, आणि सोबत आधार कार्डाच्या, पासबुकाच्या स्कॅन केलेल्या प्रती. पतसंस्थेत, राजारामपुरीतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये, शाहूपुरीतल्या सीएंच्या ऑफिसात नोंदी वेगळ्या, पण प्रकार तोच. काही वर्षांनी संगणक रडायला लागतो. मग कुणीतरी म्हणतं, ‘फॉरमॅट मार आणि दे भंगारात.’ संगणक जातो, आणि बहुतेक वेळा त्याच्या पोटातली माहितीही त्याच्याबरोबर जाते.

डिस्कवर प्रत्येक फाइलच्या दोन गोष्टी असतात. एक, तिचा खरा मजकूर. दुसरी, तो मजकूर कुठल्या जागी आहे हे सांगणारी नोंद. आपण फाइल डिलीट करतो, रिसायकल बिनही रिकामा करतो, तेव्हा फक्त नोंद बदलते आणि ती जागा ‘मोकळी’ म्हणून जाहीर होते. सातबाऱ्यावरचं नाव कमी केलं म्हणून रानातला ऊस उपटला जात नाही, तसंच हे. पेन ड्राइव्हवर वापरल्या जाणाऱ्या, ‘फॅट’ (FAT) नावाच्या जुन्या नोंदपद्धतीत तर फाइलच्या नावातल्या पहिल्या अक्षराच्या जागी फक्त एक खूण बसते. फाइलचा आकार, ती कुठून सुरू होते हे सगळं तसंच राहतं. क्विक फॉरमॅट म्हणजे नोंदींचं नवं कोरं पान. त्याखालचा मजकूर चाचपून काढणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि ती चालवायला फार शिकावंही लागत नाही.

अमेरिकेत सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलट या दोघांनी वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या. २००३ मध्ये त्यांचा लेख आला. चालू स्थितीतल्या १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या फक्त १२ निघाल्या. बाकीच्यांमधून पाच हजारांहून जास्त क्रेडिट कार्ड क्रमांक मिळाले. एक डिस्क तर चक्क एटीएम यंत्रातली होती.

मग खरं पुसायचं कसं? हार्ड डिस्क असेल तर उत्तर सोपं आहे. तिच्या चकत्यांवर चुंबकीय थर असतो आणि प्रत्येक बिट, म्हणजे एक शून्य किंवा एक, त्या थराच्या इवल्याशा भागातल्या चुंबकीय दिशेत साठवलेला असतो. त्याच जागी शून्यं लिहिली की जुनी दिशा मोडते. ३५ वेळा पुसावं लागतं, असं अजूनही सांगितलं जातं. त्याचं मूळ पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या शोधनिबंधात आहे. पण ते ३५ फेरे त्या काळच्या निरनिराळ्या लेखनपद्धतींना मिळून काढलेले होते, आणि आजच्या डिस्कला त्यांची गरज नाही हे गुटमन यांनीच पुढे स्पष्ट केलं. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेनुसार आजच्या हार्ड डिस्कवर सबंध डिस्कभर एकदा नीट लिहिलं तरी प्रयोगशाळेतसुद्धा जुना मजकूर परत मिळणं अवघड होतं. विंडोज व्हिस्टापासून पुढे ‘क्विक फॉरमॅट’पुढची बरोबरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं, की विंडोज त्या सगळ्या भागावर शून्यं लिहिते. वेळ लागतो, मोठ्या डिस्कला तासन् तास लागतात. तो वेळ द्यावा. डिस्कचे भाग पाडलेले असतील, सी, डी, ई असे, तर प्रत्येकाचं करावं.

खरी गुंतागुंत एसएसडी या नव्या प्रकारच्या साठवणीत आहे, आणि आता बहुतेक लॅपटॉपमध्ये तीच असते.

एसएसडीत चकती नाही, चुंबकत्वही नाही. फ्लॅश मेमरीच्या कणाकणांत अडकवून ठेवलेले इलेक्ट्रॉन म्हणजे तिथली माहिती. इथे लिहिणं होतं लहान लहान पानांत, पुसणं मात्र होतं अनेक पानांच्या अख्ख्या ठोकळ्याचं. एका ठोकळ्याने किती वेळा पुसून घ्यायचं यालाही मर्यादा असते. म्हणून आतली कंट्रोलर चिप सतत झीज वाटून देत असते. तुम्ही एखाद्या फाइलवर शून्यं लिहायला सांगता, तेव्हा ती चिप शून्यं दुसऱ्याच मोकळ्या पानावर लिहिते आणि जुनं पान ‘पुढे कधीतरी पुसू’ म्हणून बाजूला ठेवते. शिवाय संगणकाला न दिसणारी राखीव जागा असते ती वेगळीच. म्हणजे हार्ड डिस्कला चालणारी युक्ती इथे भरवशाची राहत नाही.

२०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो केंद्रातल्या संशोधकांनी एसएसडीतल्या चिप थेट वाचून हे तपासलं. एकेक फाइल पुसण्याच्या पद्धतींनी ४ ते ७५ टक्के मजकूर मागे ठेवला. ड्राइव्हच्या आतच दिलेला सुरक्षित पुसण्याचा आदेश हा खरा उपाय. पण तपासलेल्या एका ड्राइव्हने ‘पुसलं’ असं उत्तर दिलं आणि मजकूर सगळा जागेवर होता. त्यानंतर ड्राइव्ह सुधारले आहेत, तरी एवढ्यासाठी उत्पादक कंपनीचंच सॉफ्टवेअर वापरावं, आणि शक्य तिथे त्याला एन्क्रिप्शनची, म्हणजे माहिती गुप्त रूपात साठवण्याची, जोड द्यावी.

एन्क्रिप्शनचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पुसण्याची तयारी संगणक विकत घेतला त्या दिवशी करायची असते. विंडोजमधलं बिटलॉकर किंवा मॅकमधलं फाइलव्हॉल्ट सुरू असेल, तर डिस्कवर जाणारं प्रत्येक अक्षर आधीच गुप्त रूपात जातं. ते उलगडायची किल्ली म्हणजे एक मोठी संख्या. २५६ बिटांच्या किल्लीच्या शक्यता मोजायला ७८ अंकी संख्या लागते. ही किल्ली नष्ट केली की राखीव जागेत, बाद झालेल्या पानांत काहीही उरलं असलं तरी ते निव्वळ गोंधळ असतं. आयफोनचं ‘सगळं पुसा’ काही क्षणांत उरकतं ते यामुळेच, आणि अँड्रॉइड १० किंवा त्यानंतरच्या आवृत्तीसह बाजारात आलेल्या फोनमध्येही साठवण आधीपासून गुप्त रूपातच असते. फक्त किल्लीची प्रत कागदावर छापून लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवली असेल, तर ती आधी काढा.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी कितीतरी दुकानांत, ऑफिसांत शिरलं. भिजलेले संगणक ‘गेले’ म्हणून उचलून टाकले गेले. पण पाण्याने चुंबकीय थर पुसला जात नाही. चिखल साफ करून तज्ज्ञ अशा डिस्क वाचू शकतात. २००३ मध्ये कोलंबिया हे अवकाशयान तुटून पडलं, त्याच्या अवशेषांतल्या एका होरपळलेल्या डिस्कवरून एका प्रयोगाची सुमारे ९९ टक्के नोंद परत मिळाली होती. पुरेशी उष्णता मात्र काम करते. प्रत्येक चुंबकीय पदार्थाला एक तापमान असतं, त्यापुढे त्याचं चुंबकत्व संपतं. त्याला क्युरी तापमान म्हणतात. डिस्कच्या थरात कोबाल्टचा मिश्रधातू असतो, आणि शुद्ध कोबाल्टसाठी ते सुमारे ११२० अंश सेल्सिअस आहे. शिरोलीच्या फाउंड्रीत बीड, म्हणजे वितळलेलं ओतीव लोखंड, ओततात ते याहून तापलेलं असतं. तरीही डिस्क भट्टीत टाकायचा विचार कुणी करू नये. तिच्या सर्किट बोर्डाचा धूर विषारी असतो आणि तो भट्टीवरच्या कामगाराच्या छातीत जातो.

बंद पडलेली हार्ड डिस्क चालूच होत नसेल तर ती काढून घेऊन चकत्यांना ड्रिलने भोकं पाडावीत, त्या वाकवाव्यात. काही चकत्या काचेच्या असतात, तेव्हा डोळ्यांवर गॉगल हवा. एसएसडीत एक भोक पुरत नाही. प्रत्येक चिप फुटायला हवी. लॅपटॉपला हातोडा लावण्याआधी बॅटरी वेगळी करा, कारण लिथियम बॅटरी पेट घेते. मोठी झेरॉक्स मशीन आणि सीसीटीव्हीचे डीव्हीआर यांच्यातही अनेकदा डिस्क असते, हे विसरलं जातं.

भीतीपोटी जुने संगणक माळ्यावर साठवणं हाही उपाय नव्हे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जायला हवा. संस्थांनी त्याच्याकडून डिस्क नष्ट केल्याचं लेखी प्रमाणपत्र घ्यावं, त्यावर प्रत्येक डिस्कचा छापील अनुक्रमांक मागावा, आणि जुना संगणक निर्लेखित करण्याच्या ठरावात तो क्रमांक लिहावा. सभासदांनी वार्षिक सभेत ते प्रमाणपत्र बघायला मागावं. नोंदी त्यांच्याच आहेत.