हसला, पण कसा?

(इंग्रजीतून मराठीत अनुवाद आणि सबटायटल्स करून घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

काम हाती घेतलं की दोन-चार दिवसांत आमच्याकडून तुम्हाला एक यादी येते. 'पान १४, नायक हसला : कसा?' अशा प्रश्नांची. काही जण वैतागतात. "अहो, हसला म्हणजे हसला, लिहून टाका!" असं फोनवर ऐकवतात. ती यादी का येते, ते सांगण्यासाठी हे पत्रक.

अडचण सुरू होते ती आपल्याच 'हसणे' या क्रियापदापासून. इंग्रजीत स्माइल वेगळं, लाफ वेगळं. पहिल्यात आवाज नाही, दुसऱ्यात आहे. मराठीत दोन्हींना 'हसली'. 'स्मित केलं' लिहावं, तर निम्म्या ठिकाणी ते संस्थानिकांच्या तैलचित्राखाली शोभेल असं वाटतं. मराठीची एक सोय मात्र खास आहे : 'ती माझ्याकडे बघून हसली' आणि 'ती मला हसली'. एवढ्याशा 'मला'नं कुचेष्टा आली. नवखा अनुवादक नेमका इथे घसरतो. मुळात मुलगी नायकाकडे बघून स्माइल करते, अनुवादात ती त्याला हसते, आणि प्रेमकथा दुसऱ्याच पानावर आटोपते.

आता आवाजाचं हसणं. चकल म्हणजे तोंड फारसं न उघडता, घशातल्या घशात, बहुतेक स्वतःशीच. आठवण आली, गंमत वाटली, 'खुदकन हसला'. गिगल बारीक आवाजाचं, थांबवू म्हटलं तरी न थांबणारं; शाळकरी मुलींचं खिदळणं त्यात येतं, तसं घाबरलेल्या माणसाचंही येतं. म्हणून पन्नाशीचा पोलीस अधिकारी गिगल करतो तेव्हा लेखकाला काहीतरी सुचवायचं असतं, आणि तिथे 'खिदळला' लिहिण्याआधी आम्ही तुम्हाला विचारतो. गफॉ म्हणजे सातमजली. शेजारच्या टेबलावरचे वळून बघतात ते. हा शब्द मूळचा स्कॉटलंडचा आणि उच्चारातच हसतो, आपल्या 'खदाखदा'सारखा. टिटर हे दाबलेलं, थोडं अवघडलेलं हसू. भाषणात वक्ता चुकून भलतंच बोलून गेला की सभागृहात पिकते ती दबकी खसखस. कॅकल कोंबडीकडून आलं. अंडं घातल्यावरचा कलकलाट आठवा. गोष्टीतल्या चेटकिणीला ते लागू पडतं, 'विकट हसली'; पण साध्या बाईबद्दल वापरलं असेल तर लेखकानं टोमणा मारलेला असतो आणि तो अनुवादात उतरला पाहिजे.

चॉर्टल हा शब्द तर चक्क बनवलेला. लुईस कॅरल यांनी १८७१ साली 'थ्रू द लुकिंग-ग्लास'मधल्या एका निरर्थक कवितेत तो घातला. चकल आणि स्नॉर्ट यांची ती मोट असावी असं मानतात. म्हणजे खुदकन हसताना नाकातून फुर्रकन निघालेला आवाज. याला मराठीत एक शब्द आम्हाला अजून सापडलेला नाही. तुम्हाला सुचला तर जरूर कळवा, चहा आमच्याकडून.

स्निगर आणि स्निकर एकाच अर्थाचे : दुसऱ्याच्या फजितीवर तोंड लपवून फिदीफिदी हसणं. ब्रिटनमध्ये स्निगर चालतो. अमेरिकेत कृष्णवर्णीयांबद्दलच्या एका अत्यंत अपमानास्पद शब्दाशी त्याचा उच्चार जुळतो, म्हणून तिथले बरेच जण तो टाळतात. मराठी कथा अमेरिकी वाचकांसाठी इंग्रजीत नेताना आम्ही स्निकरच लिहितो. (त्या नावाच्या चॉकलेटचा हसण्याशी संबंध नाही. ते मार्स कुटुंबाच्या घोड्याचं नाव!)

सगळ्यात जास्त चुका होतात त्या बिनआवाजी हसण्यात, आणि त्यात आम्हीही आहोत. सुरुवातीच्या एका रहस्यकथेत आम्ही स्मर्कसाठी सगळीकडे 'गालातल्या गालात हसला' लिहिलं. पुस्तक वाचून ग्राहकाच्या आईनं विचारलं, "इतका गोड माणूस खुनी कसा निघाला?" स्मर्कमध्ये 'बघ, कशी जिरवली' असा भाव असतो. तिथे 'छद्मी' किंवा 'कुत्सित' हवं होतं. गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत हाच शब्द साध्या हसण्यासाठी होता. खवचटपणा त्याला नंतर चिकटला. ग्रिनचं जवळपास उलटं झालं. तो मुळात वेदनेनं किंवा रागानं दात विचकण्याचा शब्द, आज बहुतेक वेळा खुशीत दात दाखवून हसण्याचा.

कर्णबधिर प्रेक्षकांसाठीच्या सबटायटल्समध्ये कंसात जेमतेम एक-दोन शब्द मावतात. पाठमोऱ्या माणसाचं हसणं ज्याला ऐकू येत नाही, त्याला तेवढा एकच आधार. तिथे नुसतं '(हसतो)' आम्ही लिहीत नाही. '(कुत्सित हसतो)', '(खुदकन)' असं लिहितो.

मेसेजमधल्या संवादांत एलओएल, म्हणजे 'लाफिंग आउट लाउड', येतं. त्याचा 'मोठ्यानं हसतोय' असा शब्दशः अनुवाद आम्ही करत नाही, कारण तो लिहिणारा बहुधा हसतही नसतो. 'हाहा' किंवा नुसता सौम्य सूर पुरतो. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांना त्याचा अर्थ 'लॉट्स ऑफ लव्ह', म्हणजे 'खूप प्रेम', असा वाटायचा आणि ते मेसेजच्या शेवटी तो लिहायचे, हे २०१२ साली एका चौकशीतल्या साक्षीत उघड झालं. तुमच्या कथेतल्या काकांनी तो तसाच वापरला असेल, तर कृपया आधी सांगा.

काम देताना एवढं करा : सबटायटल्ससाठी नुसती संहिता पाठवू नका, व्हिडिओही द्या, हसण्याचा आवाज ऐकल्याशिवाय आम्ही शब्द ठरवत नाही. कादंबरी असेल तर कोणतं पात्र कोणावर खार खाऊन आहे, ते चार ओळींत लिहून द्या. आणि यादी आली की प्रत्येक प्रश्नापुढे एक-दोन शब्द पुरेत. 'खवचट', 'घाबरून', 'उगाच' एवढंही चालतं. यादीचे वेगळे पैसे नाहीत.