कोणता जॉन? फॅनफिक्शनमधल्या टॅगांचं गणित

इंटरनेटवर हवं ते पटकन सापडलं की श्रेय एआयला देऊन मोकळं व्हायचं, ही आता सवयच झाली आहे. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’चं काम समजून घेतलं की हा समज टिकत नाही. मालिका, चित्रपट, पुस्तकं यांतली पात्रं घेऊन चाहत्यांनी हौसेनं लिहिलेल्या कथांचं, म्हणजे फॅनफिक्शनचं, हे भांडार. १९६७ साली ‘स्टार ट्रेक’ या मालिकेच्या चाहत्यांनी ‘स्पॉकनेलिया’ हा अंक काढला, तेव्हा अशा कथा छापील अंकांतून फिरत. २००९ मध्ये खुल्या झालेल्या या भांडारात आज एक कोटीहून जास्त कृती आहेत आणि २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कारही मिळाला.

इथे लेखक कथेला मनाला येईल तो टॅग, म्हणजे वाचकाला कथा शोधता यावी म्हणून लावलेली चिठ्ठी, देऊ शकतो. ‘स्टार ट्रेक’मधल्या कर्क आणि स्पॉक यांच्या प्रेमकथेला कुणी दोघांची पूर्ण नावं देतं, कुणी ‘स्पर्क’ म्हणतं, कुणी नुसतं ‘के/एस’. संगणकाच्या लेखी या तीन निरनिराळ्या अक्षरओळी. त्या एकच आहेत हे ठरवतात माणसं, आणि तीही बिनपगारी. त्यांना टॅग रँगलर म्हणतात. ते एक टॅग प्रमाण मानतात आणि बाकीचे त्याला समानार्थी म्हणून जोडतात. कथेवर लेखकाचा टॅग जसाच्या तसा दिसत राहतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

यातलं गणित सुरेख आहे. एकाच जोडीची २० नावं असतील आणि प्रत्येक नाव प्रत्येकाला जोडायचं ठरवलं, तर १९० दुवे लागतात. एक नाव मध्यभागी ठेवलं की १९ पुरतात. शिवाय समानार्थी टॅग एकाच प्रमाण टॅगला जोडता येतो, त्यामुळे नावांचे एकमेकांत न मिसळणारे गट पडतात. गणितात यांना समतुल्यता वर्ग म्हणतात. प्रमाण टॅगांच्याही वर व्यापक टॅग असतात. पात्रं कॉफीच्या दुकानात काम करतात अशा कथांचा टॅग ‘पर्यायी विश्व’ या टॅगखाली येतो. वरचा निवडला की खालच्या सगळ्या कथा येतात, उलट मात्र होत नाही. एका टॅगला वर एकाहून अधिक पालक असू शकतात, म्हणून हा वृक्ष नसून दिशा असलेला, चक्र नसलेला आलेख, म्हणजे बाणांनी जोडलेल्या आणि फिरून मूळ जागी न येणाऱ्या बिंदूंचं जाळं, ठरतो.

मालिका, पात्र, नातं हे पैलू सुटे ठेवायचे आणि शोधताना हवे तसे जुळवायचे, ही कल्पना ग्रंथालयशास्त्रातली. आधी गणिताचे प्राध्यापक असलेले ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी पुस्तकं लावण्याच्या आपल्या १९३३ च्या पद्धतीत, कोलन वर्गीकरणात, तिची पद्धतशीर मांडणी केली.

आता समजा, टॅग नुसता ‘जॉन’ आहे. ‘शेरलॉक’मधला जॉन वॉटसन, ‘सुपरनॅचरल’मधला जॉन विंचेस्टर की ‘स्टारगेट अटलांटिस’मधला जॉन शेपर्ड? कथा उघडून पाहिली तर रँगलरला उत्तर मिळतं, पण तेवढ्यानं भागत नाही. टॅग ही सामायिक अक्षरओळ असते. तिन्ही मालिकांचे लेखक तीच वापरत असतील, तर ती एकाला जोडताच उरलेल्या दोघांच्या कथा चुकीच्या जॉनकडे जातील. म्हणून असा संदिग्ध टॅग कुणालाच जोडत नाहीत आणि जॉन वॉटसन निवडून शोधणाऱ्याला ती कथा दिसत नाही. लेखकानं आडनाव लिहिलं असतं तर दिसली असती.