गळीत हंगामातला ‘स्नो मोड’

डिसेंबरची पहाट, कोल्हापूर-गगनबावडा रस्ता. कळे-साळवणच्या पट्ट्यात फडातून निघालेल्या ट्रॉल्यांनी टायरला चिकटलेली काळी माती डांबरावर आणून टाकलेली असते आणि तिच्यावर रात्रभर दव पडलेलं असतं. उन्हं वर आली की याच मातीची धूळ होते. पहाटे मात्र रस्त्यावर साबण फासल्यासारखा थर असतो. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण पिकअपला ‘स्नो’ मोड असेल तर तो लावायची वेळ हीच.

या मोडला बर्फ कळत नाही आणि थंडीही कळत नाही. तो अ‍ॅक्सिलरेटरला मऊ करतो, म्हणजे पाय तेवढाच दाबला तरी इंजिन जोर हळूहळू देतं. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्या या मोडमध्ये दुसऱ्या गिअरवर उठतात आणि वरचा गिअर लवकर टाकतात. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक साधारण ०.७ ते ०.८ असतो, दाबून बसलेल्या बर्फावर ०.२ ते ०.३. पकड इतकी कमी असली की जोराचा एक झटकाही चाक सोडवायला पुरतो, आणि सुटलेल्या चाकाची पकड आणखी घटते. टायर सगळ्यात चांगला धरतो तो थोडासा, साधारण १० ते २० टक्के घसरत असताना. मोडची सगळी धडपड चाकाला त्याच्या आसपास ठेवण्याची असते.

पाणंदीत शिरलात की हिशोब उलटा होतो. खाली कठीण तळ आणि वर पातळ थर असेल तर ‘स्नो’. चाक निम्मं रुतेल असा गाळ असेल तर ‘मड’. खोल चिखलात टायरच्या खाचा माती भरून गुळगुळीत होतात. चाक थोडं जोरात फिरलं तरच ती माती फेकली जाते. तिथे ‘स्नो’ ठेवला तर ट्रॅक्शन कंट्रोल (चाक गरगरू न देणारी यंत्रणा) चाक घसरताना पाहून इंजिनाचा जोर काढून घेतो आणि गाडी ऐन रेट्याच्या वेळी बसते. ‘मड’ मोड जास्त घसरू देतो. तो नसेल तर तेवढ्यापुरतं ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा. अनेक गाड्यांत बटण एकदा दाबलं की फक्त ट्रॅक्शन कंट्रोल जातो. उभ्या गाडीत काही सेकंद दाबून धरलं तर गाडी आडवी जाऊ न देणारी यंत्रणाही बंद होते. डांबराला लागताच दोन्ही परत चालू करा.

ट्रॅक्शन कंट्रोलची गरज पडते ती डिफरन्शियलच्या, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरजोडणीच्या, एका उणिवेमुळे. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना जवळपास सारखाच जोर देतो, म्हणून एक चाक चिखलात गरगरलं की दुसऱ्यालाही तेवढाच नगण्य जोर मिळतो. संगणक गरगरणाऱ्या चाकाचा ब्रेक दाबतो, त्या चाकाला अडथळा मिळतो आणि तेवढाच जोर पलीकडच्या चाकाकडे जातो. त्या वेळी येणारा कटकट आवाज बिघाडाचा नसतो.

फोर-एच (चारही चाकं ओढतात तो नेहमीच्या वेगाचा गिअर) फक्त निसरड्या पृष्ठभागावर लावा. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसलेल्या पिकअपमध्ये कोरड्या डांबरावर हा फरक कुठेच निघत नाही, शाफ्टमध्ये ताण साठतो आणि स्टिअरिंग जड होतं. फोर-एलसाठी (चारही चाकं, कमी वेग आणि जास्त जोर) गाडी पूर्ण थांबवा, न्यूट्रल करा, मग नॉब फिरवा. दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाल्याशिवाय हलू नका. आणि हे पक्कं धरा: चारही चाकं ओढत असली तरी ब्रेकचं अंतर एका फुटानेही कमी होत नाही.

एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटी (गाडी आडवी जाऊ न देणारी) यांचे दिवे एकदम लागले तर तीन बिघाड झाले असं समजून घाबरू नका. तिन्ही यंत्रणा चाकाजवळच्या त्याच सेन्सरवर चालतात. मागच्या हबपाशी वाकून पाहिलं की कारण बहुधा दिसतं: सेन्सरच्या टोकाला सिमेंटसारखा वाळलेला चिखल, त्यात ब्रेकचा लोखंडी चुरा, किंवा पाट्यांजवळ घासून उघडी पडलेली वायर. डॅशखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावून कोड वाचा. सी००३५ असेल तर पुढचं डावं चाक, सी००४० असेल तर पुढचं उजवं. आधी धुऊन पुसून पाहा, सेन्सर नंतर बदला.

टायर बदलताना हट्टाने मोठं माप घेऊ नका. २६५/६० आर१८ चा व्यास सुमारे ७७५ मिलिमीटर, २६५/६५ आर१८ चा सुमारे ८०२. पहिल्याच्या जागी दुसरा लावला तर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६२ ने धावते. एकाच चाकाला वेगळ्या मापाचा टायर असेल तर संगणकाला ते चाक सतत घसरतंय असं वाटू शकतं.

अलाइनमेंट झाल्यावर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर शून्यावर आणून घ्या. बॅटरी काढल्यावर स्टॅबिलिटीचा दिवा लागला तर बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून सरळ केलं आणि थोडं अंतर सरळ चालवलं की तो विझतो.

साध्या पिकअपमध्ये यातलं एकही बटण नसतं. तिथे मऊ पायाने दुसऱ्या गिअरवर उठणं हाच स्नो मोड. माल उतरवून परतताना जास्त जपा. रिकाम्या हौद्यामुळे मागच्या चाकांवर वजनच उरत नाही. शंभर-दीडशे किलो वाळूची पोती फाळक्याशी नको, मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर ठेवा आणि दोरीने घट्ट बांधा.