तेल गळणारा शॉक नेहमीच टाकाऊ नसतो

पुण्याहून मुळशी-ताम्हिणीच्या कच्च्या वाटांवर गाडी नेणाऱ्यांमध्ये एक समज पक्का बसला आहे की, शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधून तेल गळू लागले म्हणजे तो संपला आणि आता पुण्यातील सुट्या भागांच्या बाजारात, नाना पेठेत जाऊन नवाच घ्यावा. हा समज अर्धाच खरा आहे.

गाडीसोबत कारखान्यातून येणारे बहुतेक शॉक कायमचे बंद केलेले असतात. ते बदलणेच योग्य. भोक पाडून तेल भरण्याचा उद्योग कोणीही करू नये. मात्र ऑफ-रोडसाठी खास बनवलेल्या, उघडता येणाऱ्या एकेरी नळीच्या शॉकमध्ये तेल आणि नायट्रोजन यांना वेगळे ठेवणारा सरकता पिस्टन असतो, आणि गळती बहुधा तेल आत रोखणारे सील झिजल्यामुळे होते. सील व तेल बदलून उत्पादकाने सांगितलेल्या दाबाने, जो अनेकदा 150 ते 200 पीएसआय असतो, नायट्रोजन भरला की असा शॉक पुन्हा नीट काम करतो.

खरा निर्णय शॉकच्या नळीतून आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्यावर अवलंबून आहे. पुसलेल्या दांड्यावरून नख फिरवावे. त्यावरील क्रोमच्या मुलाम्यातील खड्ड्यात ते अडले, तर नवे सीलही लवकरच फाटेल. दांडा वाकलेला असेल किंवा नळीला आतून चरे पडले असतील, तर सुट्या भागांची बेरीज नव्या शॉकच्या किमतीशी ताडून पाहावी. घरी मात्र शॉक उघडू नये, कारण वायूचा दाब आधी सोडला नाही तर आतले भाग जोराने बाहेर उडून गंभीर इजा होऊ शकते.