रोहित सायबेरियातून येत नाहीत

थंडी पडली की 'सायबेरियाचे पाहुणे आले' म्हणत ठाणे खाडीतल्या रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, फोटो फिरू लागतात. दरवर्षी तेच. पण रोहितांचं गाव सायबेरिया नव्हे. ते मुख्यतः गुजरातेतून, कच्छच्या रणाच्या बाजूने येतात. २०२२ मध्ये बीएनएचएसने, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या निसर्ग-अभ्यास संस्थेने, इथल्या काही रोहितांना माग काढणारे उपग्रह टॅग लावले, तेव्हा त्यांची वाट गुजरातकडेच निघाली.

खरा सायबेरियाचा पाहुणा बघायचाय? ओहोटीला ऐरोलीच्या बाजूने खाडीवर या. रोहितांच्या पायांपाशी, चिखलात शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच मारत चिमणीएवढा करडा पक्षी पळताना दिसेल. तो टिलवा. वजन जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम, आणि घरटं थेट सायबेरियाच्या उत्तर टोकाकडच्या टुंड्रात, म्हणजे झाडं नसलेल्या गोठलेल्या माळांवर! गुलाबी थव्याकडे बघताना याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

भरती आली की चिखल पाण्याखाली जातो. मग रोहित काय अन् टिलवे काय, सगळे नवी मुंबईतल्या पाणथळ जागांवर टेकायला येतात. ही तळी बुजवली तर त्यांनी भरतीचे ते तास काढायचे कुठे?