सरासरी वेगळी, मर्यादा वेगळी

सिंहगड रोडवरच्या आमच्या सोसायटीत संध्याकाळी बाबागाड्या खाली आल्या की प्रश्न ठरलेला: "सातवा संपला ना? अजून बसत नाही?" तिसऱ्यात मान, सहाव्यात बसणं, आठव्यात रांगणं, वर्षाला पाऊल हा पाढा सगळ्यांना पाठ आहे आणि तो फारसा चूकही नाही. पण ती सरासरी आहे. लोक तिला मर्यादा समजतात, आणि सगळा घोळ इथेच होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या बाळांच्या हालचाली नोंदवून 2006 मध्ये आकडे जाहीर केले. आधाराशिवाय बसण्याचं मधलं वय 5.9 महिने. म्हणजे अर्धी बाळं त्याच्या आधी बसली, अर्धी नंतर. पण जवळजवळ सगळी बसेपर्यंत 9.2 महिने लागले, ती झाली मर्यादा. चालण्याचं मधलं वय 12 महिने, आणि शेवटची टोकं 8.2 आणि 17.6! पुण्यात कुणीच सरासरीच्या मागे असू शकत नाही हे मला मान्य आहे, पण गणिताला नाही. सातव्यात न बसणारं बाळ 'मागे' नाही, ते दुसऱ्या अर्ध्यात आहे.

आता उलटा घोळ, जो मला जास्त खुपतो. "याचा बाबाही दीड वर्षाचा झाल्यावरच चालला होता" म्हणत मर्यादा ओलांडून गेली तरी लोक निवांत बसतात. सरासरी हुकली तर लक्ष ठेवायचं, मर्यादा हुकली तर पुढच्या लसीची वाट न बघता डॉक्टर गाठायचे. दीड वर्षाचं मूल चालत नसेल तर ते दाखवायचंच, बाबा कधीही चालला असो.

आणि काही गोष्टींना मर्यादेपर्यंत थांबायची मुभाही नाही. येणारी गोष्ट यायची थांबली, म्हणजे कालपर्यंत बडबडणारं बाळ गप्प झालं, तर वय कितीही असो, लगेच. वर्षाच्या आत बाळ कायम एकच हात पुढे करत असेल तर "डावखुरा दिसतोय हं" म्हणून कौतुक करू नका. या वयात हाताची पसंती ठरायची नसते, दुसऱ्या हाताला काय झालंय ते तपासायचं असतं. आवाजाकडे न वळणं, वर्ष झालं तरी बा-बा दा-दा नसणं, टाटा न करणं, हेही असंच. पण कट्ट्यावर याबद्दल कुणी विचारत नाही, कारण बसणं-चालणं दिसतं आणि ऐकणं दिसत नाही.

लवकर जन्मलेल्यांचा हिशेब तर कुणीच करत नाही. बत्तिसाव्या आठवड्यात, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी आलेलं बाळ आठ महिन्यांचं झालं तरी टप्प्यांपुरतं सहा महिन्यांचंच धरायचं. दोन वर्षांपर्यंत असं वजा करायचं. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच.

रांगणं विरुद्ध सरपटणं यावर मी वेळ घालवणार नाही. आमच्या थोरल्याने दोन्ही केलं नाही, तो बुडावर घसरत फरशी पुसत फिरला आणि मग उभा राहिला. काही बाळं रांगणं गाळतातच.

'बसतं' हा शब्द मात्र नीट वापरायला हवा. लोडांच्या मध्ये खोचलेलं बाळ बसत नाही, त्याला बसवलेलं असतं. हात न टेकता, मान ताठ ठेवून दहा सेकंद बसलं तर बसलं म्हणा. वर दिलेले आकडे याच बसण्याचे आहेत.

वॉकर तेवढा बारशाला कुणी आणला तर परत करा. त्याने चालणं लवकर येत नाही, जिन्यावरून पडणं येतं. कॅनडाने 2004 पासून त्याच्या विक्रीवरच बंदी घातली आहे.